वेटिंग चार

"लागला काय?"

"नाही अजून."

"बरं."

मागच्या जुलैत माझं आणि पप्पांचं रोजचं बोलणं एवढंच होतं. दिवसातून दोनदा. सकाळी अकराच्या सुमारास महाड स्टँडवर चहा घेताना, आणि संध्याकाळी वस्तीची गाडी पोलादपूरहून आत निघायच्या आधी, कारण पुढे रेंज जाते. मी हिंजवडीत ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, बहुतेक वेळा मीटिंगमध्ये. पलीकडून पाऊस, एसटीचं इंजिन, कुणाचं तरी "कंडक्टर, ही कापड्याला जाते ना?" आणि मध्येच पप्पा.

निकाल माझ्या बहिणीचा होता. तिला घरात सगळे छोटी म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो. तिने दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचा, म्हणजे एनएसडीचा फॉर्म भरला होता. महाडची प्राथमिक फेरी नाही, मुंबईला जाऊन दिली. मग दिल्लीचं बोलावणं आलं, तेही झालं. आता फक्त वेबसाइटवर एक पीडीएफ यायची बाकी होती.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे घरातल्या वाट बघण्याचा तांत्रिक विभाग माझ्याकडे आला. मी पायथनची वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती दर दहा मिनिटांनी ते पान उघडायची, आधीच्या पानाशी ताडून बघायची आणि फरक दिसला की मला टेलिग्रामवर मेसेज टाकायची. पहिल्याच रात्री दोन चाळीसला मेसेज आला. मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. कसली तरी निविदा होती. पहाटेपर्यंत झोप लागली नाही, आणि सकाळी अकराला पप्पांना "नाही अजून" म्हणताना मी ती निविदा लपवली. कशासाठी, कोण जाणे.

ज्यांना एनएसडी म्हणजे फक्त 'तिथून मोठे नट येतात' एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. संगीत नाटक अकादमीने १९५९ साली ही शाळा काढली, १९७५ पासून ती स्वायत्त आहे. मंडी हाऊसजवळ भगवानदास रोडवर, बहावलपूर हाऊस नावाच्या जुन्या वास्तूत ती भरते. तीन वर्षांचा निवासी पदविका अभ्यासक्रम. प्रवेशासाठी पदवी लागते, किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो, हिंदी-इंग्रजी कामापुरती यावी लागते. आधी वेगवेगळ्या शहरांत प्राथमिक ऑडिशन, त्यातून निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा, आणि मग यादी. विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते, हा मुद्दा आमच्या घरी कामाला आला. पण सगळ्यात जास्त चर्चा झाली ती जागांची. ३२.

"महाराष्ट्राला ३२?" पप्पांनी विचारलं होतं.

"देशाला."

पप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या साध्या गाडीत चव्वेचाळीस सीटं असतात. उभे वेगळे."

आईचा प्रश्न निराळा होता. तिथे जाऊन कुणाचं काही भलं झालंय का? मी म्हटलं, रोहिणी हट्टंगडी तिथल्याच. 'चार दिवस सासूचे' आमच्या घरी वर्षानुवर्षं जेवणाच्या ताटाबरोबर चालायची. आई चकित झाली. "ती सासू दिल्लीत शिकून आली होती?" मग मी अतुल कुलकर्णींचं नाव घेतलं, 'नटरंग' पप्पांनी थिएटरात बघितलेला. वामन केंद्रे बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून येऊन पुढे त्याच शाळेचे संचालक झाले, हेही सांगितलं. ही सगळी वकिली मी करत होतो, पण माझा स्वतःचा त्यावर विश्वास होता का? त्याकडे येतोच.

नाटक आमच्या घराला नवीन नाही. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावात शिमग्याला नाही तर उन्हाळ्यात, चाकरमानी आले की नाटक व्हायचंच. पप्पांचे एक काका गिरणीत कामाला होते. परळच्या दामोदर हॉलमध्ये गावच्या मंडळाच्या नाटकात ते बाईचं काम करायचे, आणि त्या साडीतल्या फोटोची चौकट अजून गावच्या घरात आहे. कुणाला त्याची लाज नाही, उलट कौतुक आहे. पण काकांचा पगार गिरणीतून यायचा. नाटक करणारी माणसं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या होती, नाटकावर जगणारं एकही नव्हतं. कोकणात हौसेला कुणी अडवत नाही. 'मी हौसच करणार' असं म्हटलं की मात्र घरात शांतता पसरते.

माझं अ‍ॅडमिशन झालं तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. बारावीनंतर मला एक मेरिट नंबर मिळाला. पप्पांनी आदल्या वर्षीच्या कट-ऑफचे कागद झेरॉक्स करून आणले आणि लाल पेनाने रेघा मारल्या. या रेघेच्या वर लोणेरे, या रेघेच्या वर लोणेऱ्याला कॉम्प्युटर, खाली गेलं तर केमिकल, आणि केमिकल झालं तरी काय वाईट, महाडची एमआयडीसी समोरच आहे. कॅप राऊंड सुरू होण्याआधीच आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं की मला काय मिळणार. मिळालंही तेच. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हायवेलाच आहे. चार वर्षं मी एसटीने गेलो-आलो, कधीकधी पप्पांच्याच गाडीने. माझा मेरिट नंबर महाड डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना पाठ होता. तेव्हाही वाट बघितली असेल, पण ती वाट बघणं नव्हतं, हिशेब होता.

मला इंजिनीअर व्हायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी 'हो'च म्हटलं असतं. दुसरं काय असतं, हेच माहीत नव्हतं.

छोटीच्या वेळी पप्पा लाल पेन घेऊन बसले, पण रेघ कुठे मारणार? मुंबईच्या ऑडिशनला मी तिच्यासोबत गेलो होतो. बाहेर बसलेल्या आईवडिलांत मी एकटाच भाऊ. जालन्याकडचे एक शिक्षक मुलाला घेऊन आले होते. एक बाई डब्यात थालीपीठ घेऊन बसल्या होत्या, मुलगी बाहेर आल्याशिवाय डबा उघडायचा नाही म्हणून. तीनचार तास आम्ही एकत्र होतो, पावसापाण्याचं बोललो, कोण कुठून कसं आलं ते बोललो. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की कुणीच कुणाला 'किती टक्के' विचारलं नव्हतं. इंजिनीअरिंगच्या रांगेत दुसऱ्या मिनिटाला तोच प्रश्न येतो, आणि त्याच्या उत्तरावरून आपण मनातल्या मनात त्या माणसाला आपल्या वर किंवा खाली ठेवून मोकळे होतो. इथे ठेवायला जागाच नव्हती. आत आपलं मूल आवाज लावतंय, पळतंय, पडतंय, रडतंय, आणि समोरचे चारपाच जण त्याच्याकडे बघतायत. ते काय बघतायत, हे बाहेरच्या एकालाही माहीत नाही. त्या शिक्षकांनी मला निघताना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, करते का ती चांगलं?" मला उत्तर देता आलं नाही. मी छोटीचं एकच नाटक पूर्ण बघितलं होतं, तेही मोबाइलवर, कुणीतरी मागच्या रांगेतून काढलेलं.

सहा नाटकांच्या पुराव्याचं वेगळंच रामायण. छोटीची कॉलेजातली प्रमाणपत्रं, मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची, एकांकिका स्पर्धांची, एका फाइलमध्ये होती आणि ती फाइल २२ जुलै २०२१ ला पाण्यात गेली. आम्ही महाडात तळमजल्यावर भाड्याने राहायचो. सावित्री आणि गांधारीचं पाणी त्या दिवशी पंख्याला लागलं. घरचे वरच्या मजल्यावर मालकांकडे होते. मी पुण्यात, आणि दोन दिवस कुणाचाच फोन लागत नव्हता. तळियेच्या दरडीची बातमी टीव्हीवर, आणि आमच्या घरचं काहीच कळत नाही. तेव्हापासून पप्पांचा फोन पहिल्या रिंगला उचलायची मला सवय लागलीय, मीटिंग असली तरी. पाणी ओसरल्यावर आईने भांडी धुतली, पप्पांनी गाळ उपसला आणि छोटीने प्रमाणपत्रं दोरीवर वाळत घातली. त्यातली तीन वाचता येण्यासारखी निघाली. फॉर्म भरताना त्यांचेच स्कॅन लावले, कडेला चिखलाची रेघ असलेले. चौथं-पाचवं नाटक नंतरच्या ग्रुपमधलं. सहाव्यासाठी अडलं. २० मार्चला चवदार तळ्यावर लाखो लोक येतात, तेव्हा तिने मित्रमैत्रिणींबरोबर पथनाट्य केलं होतं. ते नाटक धरायचं की नाही? पप्पा म्हणाले, "एवढी गर्दी कुठल्या थेटरात असते? धर." पण कागद मागतात तिथे गर्दी चालत नाही. शेवटी एक जुनी एकांकिका सापडली, तिच्या दिग्दर्शकाने पत्र दिलं, काम झालं.

त्या पुरानंतर चार महिन्यांत एसटीचा संप सुरू झाला. एप्रिल २०२२ पर्यंत पप्पांचा पगार नव्हता. घर माझ्या पगारावर चाललं. यात मोठेपणा सांगण्यासारखं काही नाही, आमच्या भागातल्या अनेक घरांत पुण्या-मुंबईतल्या मुलांनी हेच केलं. पण एक बदल झाला. घरातले निर्णय माझ्यापर्यंत यायला लागले. फ्रीज घ्यायचा का, वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घ्यायची का, गावच्या घराचे पत्रे बदलायचे का. पगार सुरू झाल्यावरही ते तसंच चालू राहिलं. आणि मला ते आवडायला लागलं होतं.

म्हणून छोटी फॉर्म भरायच्या आधी मला विचारायला पुण्याला आली. मी तिला म्हटलं, "एक वर्ष. लागलं तर माझी ना नाही. नाही लागलं तर बँकिंगचा क्लास लावायचा." ती "बरं दादा" म्हणाली. मला वाटलं, मी फार समजूतदारपणा दाखवला.

दिल्लीला तिच्याबरोबर पप्पा गेले. रजा टाकून, पनवेलहून मंगला एक्स्प्रेसने. पप्पांची दिल्लीची ही पहिलीच खेप. छोटी सकाळी आत गेली की संध्याकाळपर्यंत ते बाहेर. लाल किल्ला बघून या, कुतुबमिनार बघून या, असं मी रोज फोनवर सांगायचो. ते मंडी हाऊसच्या आसपासच राहिले. चहावाल्याशी ओळख केली, आणि मग दिल्लीच्या बसमध्ये नुसतंच फिरून आले, कंडक्टर कसं काम करतात ते बघायला. तिथे तेव्हा बायकांना गुलाबी तिकीट द्यायचे, प्रवास फुकट. आपल्याकडे २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. "आपल्याकडे सुट्ट्याची भांडणं वाढली, इथे तेवढी तरी कटकट नाही," हा त्यांचा दिल्लीबद्दलचा मुख्य अभिप्राय. छोटीचं एक गुलाबी तिकीट त्यांनी पाकिटात ठेवून आणलं. अजून आहे.

तिथल्या कार्यशाळेत एका दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, आपल्या भागातला एखादा माणूस उभा करा. छोटीने कंडक्टर केला. पोलादपूरहून संध्याकाळी सुटणारी, खच्चून भरलेली गाडी, पावसात खिडक्या बंद, आत कोंबडी, शाळेतली पोरं, बाजाराच्या पिशव्या, आणि त्यातून पुढे सरकणारा एक माणूस. हे तिने परतीच्या गाडीत पप्पांना सांगितलं.

पप्पा आधी चिडले. "माझी नक्कल केलीस तिथे?"

"नक्कल नाही पप्पा."

"हसले काय ते?"

"एक-दोघं हसले. मग नाही हसले."

पप्पा झाशी येईपर्यंत काही बोलले नाहीत, असं छोटी सांगते. मग त्यांनी विचारलं, "मशीन कुठल्या हातात धरलंस?"

तिने दाखवलं.

"असं नाही. गाडी घाटात असली की या हाताने दांडी सोडायचीच नाही. वळणावर पाठ टेकायची सीटला, अशी. मग दोन्ही हात मोकळे." आणि पन्नाशी उलटलेला माणूस चालत्या मंगला एक्स्प्रेसमध्ये दोन बर्थच्या मधल्या जागेत उभा राहून आंबेनळी घाटातली वळणं घेऊन दाखवायला लागला. वरच्या बर्थवरचे मल्याळी कुटुंब बघत होतं. पप्पांनी तिला डबल बेलची दोरी ओढून दाखवली, पैसे मोजताना बोटांत नोटा कशा अडकवायच्या ते दाखवलं, आणि म्हातारी माणसं उतरताना आवाज कसा खाली येतो, तेही. तोपर्यंत ते असा आवाज खाली आणतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं.

मी हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. तीस वर्षं या माणसाला कुणी त्याच्या कामाबद्दल 'कसं करता' असं विचारलं नव्हतं. मीही नाही.

डेपोत मात्र वेगळीच गंमत झाली. पप्पांनी रजेचं कारण 'मुलीची दिल्लीला परीक्षा' असं सांगितलं होतं. दिल्लीला परीक्षा म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजवावं लागत नाही. आठ दिवसांत छोटी यूपीएससीच्या मुलाखतीला जाऊन आली होती. एका सहकाऱ्याने पेढे आगाऊ मागितले. एक ड्रायव्हर म्हणाला, कलेक्टर झाल्यावर आमच्या कॉलनीच्या रस्त्याचं बघा म्हणावं. पप्पांनी कुणाचीच चूक दुरुस्त केली नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "मी कुठे खोटं बोललो? परीक्षा आहे, दिल्लीला आहे."

छोटीला हे कळलं तेव्हा ती भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "लागलं तर काय सांगाल?" पप्पांकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, त्या दिवसांत त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं की देवाकडे मागायचं काय. लागलं तर मुलगी तीन वर्षं दिल्लीला, आणि पुढे काय ते माहीत नाही, आलेली दोन स्थळं हातची जाणार. नाही लागलं तर मुलीचं तोंड बघवणार नाही. दोन्ही बाजूंनी नुकसानच दिसत असेल तर माणूस फक्त निकाल लवकर लागावा एवढंच मागतो.

आई एका सोमवारी गावी जाऊन ग्रामदेवीला कौल लावून आली. काय कौल मिळाला ते सांगेना. छोटी मागे लागली, मी फोनवर विचारलं, शेवटी पप्पांनीही विचारलं. तेव्हा म्हणाली, "मी पाण्याचं विचारलं. यंदा भरेल काय म्हणून." आम्ही तेव्हा वरच्या मजल्यावर राहायला आलो होतो, तरीही. आईच्या लेखी जुलै महिन्यात वाट बघायची ती एकाच गोष्टीची.

दरम्यान छोटीने मला मेसेज केला. 'दादा तुझी ती स्क्रिप्ट बंद कर ना. निकाल मला आधी कळू दे.'

मी अंगठा दाखवणारा इमोजी टाकला आणि स्क्रिप्ट चालूच ठेवली.

निकाल लागला त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला. पीडीएफ उघडली. मुख्य यादी वरून खाली वाचली, नाव नाही. पुन्हा वाचली. मग खाली प्रतीक्षा यादी. चौथं नाव तिचं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. मला पहिल्यांदा काय वाटलं? हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. मुख्य यादीत नाही म्हणजे नाही. ठरल्याप्रमाणे बँकिंगचा क्लास, ऑगस्टपासून बॅच, फी मी भरीन. एवढं सगळं डोक्यात लागोपाठ, शिस्तीत येऊन गेलं. मग लाज वाटली. पण मधे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, आणि तो वेळ मला अजून त्रास देतो.

दहा मिनिटांत पप्पांचा फोन आला. गाडी सुटायच्या बेतात होती.

"लागला काय?"

"नाही अजून," मी म्हटलं.

या वेळी मात्र ते खोटं होतं. छोटीला आधी कळावं म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. तिला फोन लावला तर लागेना, महाडात दुपारपासून वीज नव्हती आणि टॉवर बंद. मी मेसेज टाकून ठेवू शकलो असतो. टाकला नाही. सव्वा तास मी त्या पीडीएफसोबत एकटा बसून होतो, आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बातमीचा एकमेव मालक असल्यासारखा. साडेसातला तिचाच फोन आला. वीज आली होती, तिने यादी बघितली होती.

"वेटिंग चार," ती म्हणाली. आवाज एकदम सरळ. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

मी गप्प बसलो. तिने जरा वाट बघितली आणि फोन ठेवला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पप्पांना दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी परत आल्यावर कळलं. मी फोनवर समजावायला लागलो, म्हटलं प्रतीक्षा यादी म्हणजे निवड नव्हे. पण वेटिंग लिस्ट काय असते, हे मी कुणाला सांगत होतो? "चार?" पप्पा म्हणाले. "गणपतीत कोकणकन्येला दोनशे वेटिंग असतं, तरी लोक पोचतात. चार म्हणजे कन्फर्म झाल्यातच जमा."

"पप्पा, तिथे कोण सीट सोडतं?"

"अख्ख्या देशात चार जण नाही निघायचे? कुणाची तब्येत बिघडते, कुणाला नोकरी लागते, कुणाची आई नको म्हणते."

त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की त्यांना ते हवं आहे. कधीपासून, ते विचारलं नाही. झाशीपासून असेल.

पुढचे काही आठवडे वाट बघणं वेबसाइटवरून फोनवर आलं. पप्पा अनोळखी नंबर कधी उचलत नाहीत. आता कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दिल्लीचा कोड ०११. फॉर्मवर पालकांचा म्हणून त्यांचाच नंबर होता. ०११ ने सुरू होणारा प्रत्येक फोन ते घ्यायला लागले, ड्युटीवर असतानासुद्धा, गाडी थांबलेली असली तर. क्रेडिट कार्डवाल्या मुली, कर्जवाले, विमावाले, सगळ्यांशी ते अदबीने हिंदीत बोलायचे. एका विमावाल्याला त्यांनी आधी विचारलं, "आप भगवानदास रोड से बोल रहे हैं क्या?" डेपोत हे लपून राहणं शक्य नव्हतं. कुणीतरी थट्टेने म्हणालं, कलेक्टरसाहेबांची ऑर्डर दिल्लीतून फोनवर येते वाटतं. त्यावर पप्पा म्हणाले, "कलेक्टर नाही. नाटकाची शाळा आहे ती. वेटिंगला चौथी आहे माझी मुलगी, देशात." हे मला छोटीने सांगितलं, तिला कॉलनीतल्या एका ड्रायव्हरच्या मुलीने. पप्पांनी घरी त्याचा उल्लेख केला नाही.

फोन आला नाही. वर्ग सुरू झाल्याचं कळलं. आईने एका संध्याकाळी नारळाची वडी केली, काही कारण नसताना.

मी छोटीची माफी मागितली, पण अर्धवट. स्क्रिप्टची मागितली, हायसं वाटल्याची मागितली नाही. ते ती इथे पहिल्यांदाच वाचेल. बँकिंगच्या क्लासचं मी काही बोललो नाही, तिनेही नाही. ती मुंबईत एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला लागली, सकाळी एका शाळेत मुलांना नाटक शिकवते, संध्याकाळी तालमी. कालिन्याला मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे, तिकडचं बघ असं मी सुचवलं. "बघते," म्हणाली. आम्ही बोलतो, पण ती मला पूर्वीसारखं विचारून काही करत नाही. बरोबर आहे.

गणपतीला सगळे गावी होतो. आरती झाल्यावर ओटीवर पप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. पाऊस थांबला होता, नुसती पागोळी टपकत होती. म्हणाले, "त्यांचा फॉर्म पुढच्या वर्षी कधी निघतो रे?"

मी म्हटलं, "उन्हाळ्याच्या तोंडाला. का?"

"सहा नाटकं लागतात ना?"

"हो."

"तिची आठ झाली," पप्पा म्हणाले. "चवदार तळ्याचं धरलं तर नऊ."